टिटवीने कोणती भाषा घ्यावी

३ फेब्रुवारी

मामा,

आधी बसून घ्या, मग वाचा. मी अजून उभीच आहे.

परदेशी प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आलं आहे. काल दुपारी मी भिंग नमुन्याच्या काचेवर ठेवून प्रकाशाची रंगीत कडी नीट गोल उमटतात का ते बघत होते; वाकडी आली, की भिंग चुकलं. तेवढ्यात फोरमन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात धुऊन ये. तुला भाषा निवडायची आहे." मला वाटलं, कुणाला शिवी दिल्याची तक्रार आली. हातावरची चकाकीची लाल पूड पुसायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही. तशीच त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पांढऱ्या कागदांवर पाची बोटं उठवून आले.

गोष्ट अशी आहे. वर्षभर कारखान्यातच भाषेचा वर्ग चालेल, मग परदेशी पाठवतील. जर्मन घेणारे मोजणीच्या विभागात जातील, म्हणजे लहान भिंगं, स्वच्छ खोल्या, यंत्रं. रशियन घेणारे दुर्बिणींच्या मोठ्या आरशांच्या विभागात. एकेक आरसा जेवणाच्या टेबलाएवढा, आणि शेवटची चकाकी अजून हातानेच देतात म्हणे. महिनाअखेरीपर्यंत सांगायचं. जो आधी सांगेल त्याची जागा आधी पक्की.

माझ्या शेजारच्या बाकावरचा चष्मिष म्हणाला, "मला काय, दोन्ही भाषांत गप्पच बसायचं आहे." मला तसं चालणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तर मला टिटवी म्हणता.

आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "म्हणजे तू जाणार." त्यानंतर काहीच बोलली नाही. मामा, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत. कोणती घेऊ, ते सांगा.

तुमची
टिटवी

८ फेब्रुवारी

टिटवी,

तुझे पत्र बसूनच वाचले, तरीही धक्का बसायचा तो बसलाच. परवापर्यंत जिला चपलांचा डावा-उजवा कळत नव्हता, तिला आता दोन भाषांतून एक निवडायची आहे. असो. आनंद झाला, हे आधी नोंदवून ठेवतो आणि मुद्द्याकडे वळतो.

रशियन घ्यावी. लोक तिला भितात ते लिपीपायी, आणि ही भीती निराधार आहे. तेहतीस अक्षरे. त्यांतली काही ओळखीची, काही ओळखीचा आव आणून फसवणारी, काही अगदी परकी. ज्या पोरीने काचेवरची कडी वाचायला शिकून घेतली, तिला ही अक्षरे आठवड्यापलीकडे पुरणार नाहीत. विभक्ती सहा आहेत. जर्मनमध्ये चार. चार म्हटल्यावर सुटल्यासारखे वाटते; पण शाळेत आपण आठ घोकल्या आणि जिवंत आहोत.

लिंगे आपल्यासारखीच तीन, आणि बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून ओळखू येतात. आपण 'आंबा' ऐकताच 'तो' म्हणतो, कुणी पढवावे लागत नाही, तसेच. नामाआधी लावायची उपपदे मुळीच नाहीत. वर्तमानात 'आहे'सुद्धा लागत नाही. 'मी शिक्षक.' 'घर जुने.' 'रात्र थंड.' एवढ्यात वाक्य पुरे होते आणि पुरे झाल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात थोडा वेळ घुमत राहते.

क्रियापदांच्या जोड्यांचा विद्यार्थी धसका घेतात. एक क्रियापद चालू असलेल्या कामाचे, दुसरे संपवलेल्या कामाचे. आपण नाही का म्हणत, 'पुस्तक वाचत होतो' आणि 'पुस्तक वाचून काढले'? त्या 'काढले'मध्ये जो सुस्कारा आहे, तो इतर कित्येक भाषांत शोधून सापडत नाही. रशियनमध्ये तो जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला आहे. शब्दांचा क्रम मोकळा आहे. जे मनात आधी येईल ते आधी बोलावे, कोण कुणाला काय म्हणाले ते विभक्ती सांभाळून घेतात. आणि माणसाचे नाव लाडाने लहान करण्याच्या इतक्या परी आहेत, की तुझ्या 'टिटवी'ची टिटवुली, टिटवुटली आणि आणखी चार रूपे पहिल्याच दिवशी होतील.

आघात मात्र फिरता आहे. शब्दात कुठे जोर द्यायचा ते छापलेले नसते. ऐकूनच शिकावे लागते. विशीत मी एका थंडगार वाचनालयात ही भाषा शिकलो. शेजारचा वाचक मला गप्प राहायला सांगे, कारण मी ओठांनी जोर मोजत असे. ते दिवस गेले, जोर अजून ओठांवर आहे.

आरशाला शेवटची चकाकी हातानेच देतात, असे तू लिहिलेस. ज्यांच्याकडून हाताचे काम शिकायचे, त्यांची भाषा त्यांच्या शेजारी उभे राहून कळली पाहिजे.

पत्र लांबले. उरलेले पुढच्या पत्रात.

मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

रशियन घेतली!

तुमचं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं, आज सकाळी फोरमनच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी भुवई वर केली. "एवढ्या लवकर? इतरांना घाम फुटलाय." मी म्हटलं, "माझे मामा तर्कशास्त्राचे." ते म्हणाले, "मग काही बोलायला नको," आणि माझं नाव लिहून टाकलं. चष्मिषने माझ्यामागोमाग जाऊन जर्मन घेतली. का विचारलं, तर म्हणतो, "तुझ्यापासून लांब."

अक्षरं सुरू केली आहेत. बाकाच्या कडेला खडूने लिहिते आणि पुसते. आई अजून बोलत नाही. काल तिने माझ्या वहीत डोकावून एका अक्षराला "हा बेडूक आहे का?" एवढंच विचारलं. बोलली तर खरी!

टिटवुली

१३ फेब्रुवारी

टिटवी,

मागील पत्रात पूर्वपक्ष मांडला. आता सिद्धान्त.

एक. ज्या रोमन लिपीत जर्मन लिहितात, ती तुला आजच वाचता येते. मिळालेली शिडी सोडून भिंत चढण्यात शहाणपण नाही. दोन. तुला इंग्रजी येते. जर्मन तिची नात्यातली असल्याने शेकडो शब्द अर्धे ओळखीचे निघतील. तीन. जर्मनमधील लिंग शब्दावरून सहसा कळत नाही, उपपदासह पाठ करावे लागते, हा आक्षेप मान्य. परंतु पाठांतर हा कष्टाचा प्रश्न आहे, बुद्धीचा नाही. चार. दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी जाते. इतरांना याचा जाच होतो, मराठी माणसाला होऊ नये. आपण जन्मापासून क्रियापदाची वाट पाहत आलो आहोत. पाच. लांबलचक शब्दांना भिऊ नये. ते समास आहेत. विग्रह केला की संपले. सहा. आघात बहुधा आरंभी आणि बहुधा स्थिर. सात. मोजणीचे ज्ञान कुठल्याही कारखान्यात चालते. टेबलाएवढे आरसे करणारे कारखाने थोडे.

रशियनच्या बाजूने मी जे लिहिले, ते आकर्षक होते. आकर्षण हे कारण होऊ शकत नाही. निर्णय: जर्मन घ्यावी.

फोरमनना सांगण्याची घाई करू नये.

मामा

१८ फेब्रुवारी

टिटवी,

तुझे तेरा तारखेचे पत्र आज आले. पहिला शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला. पुन्हा लावला. शब्द तोच होता.

आपली पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी पूर्वपक्ष लिहिला आणि तू तो निर्णय म्हणून उचललास! प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याहून चांगले मांडावे, मग खोडावे, हा वादाचा पहिला नियम. आमच्या घरात जेवणाची वेळसुद्धा याच रीतीने ठरत असे. तू सात वर्षांची असताना माझ्या पंक्तीला बसून विचारायचीस, "मामा, हे तुमचं आहे की समोरच्याचं?" ती पोरगी कुठे गेली?

मी सुन्न झालो आहे. पण सुन्न होऊन भागणार नाही. तुमच्या फोरमनना आजच सविस्तर पत्र लिहून टाकले आहे, की तुझी निवड गैरसमजातून झाली असून ती बदलण्याची मुभा द्यावी. तू काळजी करू नकोस.

मामा

२१ फेब्रुवारी

मामा,

तुमचं सिद्धान्ताचं पत्र आलं, पाठोपाठ हेही आलं. तुम्हाला धक्का बसणार आहे, म्हणून सरळच लिहिते.

ती पोरगी कुठे गेलेली नाही. पहिलं पत्र वाचतानाच मला कळलं होतं, की हे समोरच्याचं आहे. "उरलेले पुढच्या पत्रात" वाचून मी आईला म्हटलंसुद्धा, "बघ, आता पाडणार." दुसऱ्या पत्राची वाट बघायचं ठरवूनच निजले होते. सकाळी पुन्हा वाचायला घेतलं. मामा, पाडायचं घर कुणी इतकं सारवत नाही.

थंडगार वाचनालय, ओठांनी मोजलेला जोर, 'काढले'मधला सुस्कारा, हे सगळं समोरच्याचं? मग समोरचा कोण होता? जर्मनच्या पत्रात तुम्ही एक ते सात आकडे घातलेत. एकही ओळ चूक नाही. पण त्यात तुम्ही कुठेच सापडला नाहीत.

आणि मला ते आरसे बघायचे आहेत. हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तुम्ही वाचलंतही. सिद्धान्तात मात्र ते करणारे कारखाने मोजलेत.

मी गैरसमजातून काहीही केलेलं नाही. त्यामुळे फोरमनना पाठवलेलं पत्र शक्य असेल तर थांबवा. आणि यापुढे माझ्यासाठी कृपा करून कुणालाही काही लिहू नका.

टिटवी

२३ फेब्रुवारी

दादा,

तू हे काय करून ठेवलंस?

काल पोरगी संध्याकाळी घरी आली, चप्पल न काढता आतपर्यंत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, यंत्रात बोट सापडलं. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. म्हणाली, "आई, नाव काढलं." कुठल्या वर्गातून, विचारलं. "दोन्हीतून."

तुझ्या पत्रामुळे! फोरमनने तिला समोर बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. तिला तोंडपाठ झालंय, मलाही झालं. "एकदा केलेली निवड बदलू पाहणारी व्यक्ती चंचल बुद्धीची मानली पाहिजे. ज्या कामात महिनोन्महिने एकाच काचेशी संयमाने राहायचे, तेथे अशा व्यक्तीस पाठवणे म्हणजे संस्थेच्या विश्वासाचा अपव्यय होय." दादा, हे तू लिहिलंस? सख्ख्या भाचीबद्दल? फोरमन म्हणाला, घरचा माणूसच असं म्हणतोय आणि तोही प्रोफेसर, तर मी कोण मध्ये बोलणारा! ती सांगत होती, की मला काही बदलायचंच नाही. त्याने ऐकून घेतलं नाही.

मला ती जायला नको होती. देवाशपथ नको होती. पण ती राहायला हवी होती ती स्वतःच्या पायांनी राहायला. कुणी हाकलल्यामुळे नव्हे. आज ती जेवली नाही. मी तिच्या वहीतली ती बेडूक-अक्षरं बघत बसले. माझ्या घरात मला ती परकी वाटेनात, एवढं या महिन्यात झालंय.

तुझं समोरच्याचं आणि आपलं काय असतं ते तुझ्या वर्गात. इथे आम्ही सगळे एकाच बाजूचे आहोत. ये, आणि निस्तर.

धाकटी

२८ फेब्रुवारी

टिटवी,

काल तुझ्या घरी मी अर्धा तास होतो. तू कामावरून येण्यापूर्वी निघालो, कारण तुझ्यासमोर बसण्याची हिंमत झाली नाही. त्याआधी फोरमनच्या खोलीत जे घडले ते तुला माझ्याकडूनच कळले पाहिजे.

मी त्यांना म्हटले, "आपण वाचलेत तो पूर्वपक्ष होता. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे."

"मग उलट ते आधी का लिहिलंत?"

"प्रतिपक्ष आधी मांडायचा, अशी रीत आहे."

"तुमचं म्हणणं होतं कुठे?"

"दुसऱ्या पानावर."

त्यांनी खण उघडून पत्र काढले. पान उलटले. खरोखर तेव्हा पहिल्यांदाच उलटले. सावकाश वाचले. त्या पानावर तुझ्या स्थिर हातांविषयी, तुझ्या नजरेविषयी मी जे लिहिले होते ते वाचताना त्यांचा चेहरा बदलला, पण पत्र घडी करून ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे भिंगावर ओरखडा दिसला, की ते टोपलीत जातं. दुसरी बाजू किती सुंदर आहे ते कुणी बघत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने ओरखडा काढून पाठवलात."

चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना जे शिकवले, ते ऐकून घेणारा माणूस समोर बसला आहे असे गृहीत धरून शिकवले. हे गृहीतक कधी तपासले नाही. त्या खोलीत, चकाकीच्या पुडीने तांबूस झालेल्या खुर्चीवर बसून, ते पहिल्यांदा तपासले.

आता पुढचे. रशियनमधली तुझी जागा त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्याला दिली. ती परत मिळणार नाही. जर्मनमध्ये एक जागा शिल्लक आहे. तू स्वतः जाऊन मागितलीस तर ते देतील. म्हणजे मी सिद्ध केले होते तेच मला मिळाले. टिटवी, विजयाचा असा धक्का मला माहीत नव्हता.

रात्री घरी येऊन तुला लिहिलेली दोन्ही पत्रे आठवून आठवून पुन्हा मांडली. खंडन न झालेला पूर्वपक्ष उभा राहतो, हाही नियमच आहे. मी आरशांना उत्तर दिले नव्हते, त्यांना फक्त टाळले होते. तुझा पक्ष उभा आहे. मी हरलो, आणि हरवणारे पत्र माझेच होते.

तरीही जागा जर्मनची आहे आणि जाण्याची संधी खरी आहे. घ्यावी की घेऊ नये, याबद्दल मी एकही बाजू मांडणार नाही.

मामा

६ मार्च

मामा,

तुम्ही न भेटता गेलात याचा राग येऊन गेला. आता ऐका.

फोरमनकडे गेले. त्यांनी जर्मनच्या यादीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मला रशियन हवी आहे."

"जागा नाही म्हणून तुझ्या मामांना सांगितलंय."

"या वर्षी नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत लिहा."

"पुढच्या वर्षी यादी निघेल की नाही, मलाच माहीत नाही! अगं, जर्मन समोर आहे. घे आणि सुट."

"आज जर्मन घेतली, तर त्या पत्राचं पहिलं पान खरं ठरेल. मी मन बदलणारी ठरेन."

त्यांनी जर्मनची यादी बाजूला सारली. मग म्हणाले, "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, "आई सोडून." त्यांनी कोरा कागद घेतला, वर पुढच्या वर्षाचा आकडा टाकला आणि खाली माझं एकटीचं नाव लिहिलं. तो कागद कुठे जाईल, कुणास ठाऊक. मी परत बाकावर आले. चष्मिषला सांगितलं तर त्याच्या हातातलं भिंग पडता पडता राहिलं. "जागा सोडलीस?" तीनदा विचारलं. मोठे आरसे मला कदाचित कधीच दिसणार नाहीत, हे मला त्या बाकावर बसल्यावर नीट कळलं.

खरा धक्का पुढेच आहे. घरी येऊन आईला सांगितलं, की मी जात नाही. वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. ती माझ्यावर ओरडली! "जर्मन घेतली असतीस तर गेली असतीस ना, बावळट!" मी म्हटलं, "आई, तुला मी जायला नको होते." "नकोच होतीस," म्हणाली, आणि आत निघून गेली.

माझं नाव यादीत आलं त्याच आठवड्यात तिने वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडून मोठी चाकांची बॅग मागून आणली होती. माझ्याशी बोलत नव्हती ना, तेव्हा. कपाटामागे दडवून ठेवली होती. मला पत्ता नव्हता. काल ती काढून परत द्यायला वर गेली आणि थोड्या वेळाने बॅग घेऊनच खाली आली. "राहू दे म्हणाली ती, पुढच्या वर्षी लागेल," असं म्हणून तिने ती पुन्हा कपाटामागे सरकवली.

आज जिन्यात शेजारीण भेटली, तर मी आभार मानले. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "तुझी आई तर आलीच नाही वर. बॅग कधी मिळेल गं?"

टिटवी